चार जबड्यांचा चक

जुना चक घेताना तो आधी वाजवून बघायचा, मडकं घेताना वाजवतो तसा. चक बिडाचा असतो. आत चीर असली तर आवाज बद्द येतो. नसली तर हातोडीचा टोला पडल्यावर तो क्षणभर घुमतो. हे मला सासऱ्यांनी शिकवलं, पण माझ्या भल्यासाठी नाही. त्यांची नजर गेली होती आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर त्यांचा गाळा होता. गाळ्यात एक लेथ. वरच्या मजल्यावर एक खोली, तिच्यात आम्ही तिघं: सासरे, माझा नवरा आणि मी. सासू माझ्या लग्नाआधीच गेली होती. ती सुटली, असं शेजारणी मला पहिल्याच आठवड्यात सांगून गेल्या.

गिरण्यांचे मोडलेले भाग दुरुस्तीला, नाहीतर नव्यानं करून द्यायला आमच्याकडे येत. लेथवर काम गरगर फिरतं आणि पुढचं हत्यार त्याला कापत जातं. ते फिरणारं काम धरून ठेवतो तो चक. तीन जबड्यांचा चक सोपा. एक चावी फिरवली की तिन्ही जबडे एकदम आत येतात. गोल कामाला तो पुरतो. पण गिरणीचं काम चौकोनी, वाकडं, एका अंगाला कान फुटलेलं. त्याला चार जबड्यांचा चक लागतो. त्याच्या प्रत्येक जबड्याचा स्क्रू वेगळा. चार जावा एका घरात असाव्यात तसे ते चौघं. एकाला ढील दिली की समोरच्याला आवळायचं, तेव्हा कुठे काम मधोमध येतं.

मधोमध आलं की नाही हे खडूनं बघतात. काम हळू फिरवायचं आणि खडू जवळ न्यायचा. जी बाजू बाहेर आली असेल तिलाच खडू लागतो. मग तिकडचा जबडा आत, समोरचा बाहेर, आणि पुन्हा खडू. सासरे चार-पाच खेपांत काम असं मधोमध आणत की फिरताना ते फिरतंय हेच कळू नये. परळपासून भायखळ्यापर्यंत त्यांचं नाव होतं ते या खडूमुळे. मोतीबिंदू वाढला, खडूची रेघ दिसेना, तेव्हा त्यांनी मला गाळ्यात बोलावलं.

नवऱ्याला बोलावता आलं असतं. तो एकुलता एक, काम शिकलेला. पण त्याला कळलं असतं तर त्यानं त्याच दिवशी लेथ हातात घेतली असती. सासऱ्यांना ते नको होतं. लेथपुढे उभं राहणं सोडलं तर त्या माणसाजवळ दुसरं काहीच नव्हतं. बायकोला त्यांनी छळलं होतं, भावांशी कोर्टात भांडले होते, गावचं घर पडू दिलं होतं. लेथ तेवढी राहिली होती.

शिवाय नवरा घरी कुठे होता? ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आमच्या भागातल्या भिंती डांबरानं रंगलेल्या असत. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा अश्रुधूर. नवरा सगळीकडे पुढे. घसा बसवून घरी यायचा आणि मी त्याला हळद-दूध द्यायचे. सासरे म्हणायचे, "मुंबय मिळाली की माका सांग. तवसर मी काम करतंय."

दुसरा चक घ्यायला ते मला घेऊन गेले ते ही गेलेली नजर लपवायलाच. जुन्या चकाला खाचेपाशी तडा गेला होता. चाळीत त्यांनी सांगितलं, सूनबाईला तांब्याची कळशी घ्यायची आहे. चोर बाजारात एका भंगारवाल्याकडे तीन चक होते. पहिल्यावर त्यांनी हातोडी मारली आणि मला विचारलं, "मडका कसा वाजता?" मी म्हटलं, फुटकं. दुसऱ्यात त्यांनी एक सरळ सळई धरायला लावली आणि मला वाकवून, मानेवर हात दाबून, जबड्यांच्या तोंडाशी बघायला सांगितलं. "उजेड दिसता काय?" मागच्या बाजूला जबड्यांनी सळई पकडली होती, पुढे मात्र केसभर फट होती. मी तसं सांगितलं. जास्त आवळून वापरलेले जबडे तोंडाशी असे उघडे पडतात. मग ते काम धरत नाहीत, नुसता धरल्याचा आव आणतात.

भंगारवाला हसला. "क्या बुढ्ढा, बहू को मशीन सिखाता है?"

"इसका बाप गिरणीमें कापूस पिंजता है," सासरे म्हणाले. "ये क्या सीखेगी? बोजा उठाने को लाया."

तिसरा चक चांगला वाजला. जबड्यांत फट नव्हती. त्यावर एक ते चार आकडे ठोकलेले होते, चकाच्या खाचांवरही तेच. ज्याचा जबडा त्याच्याच खाचेत जायला हवा. वर्षानुवर्षं एकमेकांना घासून ते एकमेकांचे झालेले असतात. भंगारवाले दोन चकांचे जबडे मिसळून एक विकतात, म्हणून आकडे जुळवून बघायचे. सासऱ्यांनी नखानं चाचपले, तरी मला म्हणाले, "चौथी शिकलंस मां? मगे वाच." मी वाचले. जुळत होते. हातगाडीवाला करायला ते तयार नव्हते. ट्राममध्ये तो चक माझ्या पायाशी होता आणि ट्रामपासून चाळीपर्यंत माझ्या कमरेवर. लोकांना वाटलं असेल, बाई कळशीच घेऊन चालली आहे.

दर शनिवारी चक उतरवून साफ करायचं काम माझ्याकडे आलं. आधी लेथच्या बेडवर फळी टाकायची, म्हणजे चक निसटला तरी बेडला खोच पडणार नाही. चक फिरवून सोडवायचा, पोटाशी धरायचा आणि खाली आणायचा. जबडे एकेक बाहेर काढायचे. खाचांत बिडाचा काळा चुरा बसतो, तो रॉकेलात ब्रश बुडवून काढायचा. कोरडं पुसायचं. स्क्रूला तेलाचा एक थेंब, बस. मी पहिल्यांदा सगळ्या चकाला तेल चोपडलं होतं, गंज लागू नये म्हणून. सासऱ्यांनी बोट फिरवलं आणि तेच तेलकट बोट माझ्या गालाला पुसलं. "डोक्याक लावलंस तसा लावलंस गो. आता सगळो कीस ह्येका चिकटतलो." चावी चकात विसरायची नाही, हे त्यांनी चावीनंच शिकवलं. माझ्या उजव्या मनगटाचं हाड अजून वर आलेलं आहे. ते शिकवणं खरं होतं, हेही सांगते. पट्टा चालू झाला आणि चावी चकात राहिली तर ती गोळीसारखी सुटते. पण ते तोंडानं सांगता आलं असतं.

बाहेरचं कुणी आलं की मी झाडू मारत असायचे. कुणी नसलं की मी खडू धरायचे. "खडू खंय लागता?" "दोन आणि तीनच्या मध्ये." ते जबडा आवळायचे. "आता?" "दोनवर." "आंधळी आसस काय गो, नीट बघ!" मला आंधळी म्हणायचे, स्वतःला नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला तिसरा महिना होता. शनिवारी चक उतरवला, फळीवर ठेवला, आणि तिथेच कळ आली. मी खाली बसले. जे व्हायचं ते गाळ्यातल्या फरशीवर झालं. शेजारीण धावत आली, तिनं मला वर नेलं. सासरे दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "चक पडूक नाय मां?"

चकामुळेच गेलं असं मी म्हणत नाही. सुईण म्हणाली, पहिलं कधी कधी असंच जातं. ते खरंही असेल. पण त्यांनी विचारलं ते चकाचं. पुढच्या शनिवारी मी पुन्हा चक उचलला.

त्याच वर्षी पावसाळ्यात नवरा सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आला. काही आठवड्यांनी सुटला तेव्हा गल्लीतल्या लोकांनी त्याला झेंडूचा हार घातला आणि खांद्यावर घेतलं. हार गळ्यात ठेवूनच तो गाळ्यात आला आणि म्हणाला, "बाबा, आता तुम्ही बसा. मशीन मी बघतो."

सासरे हात पुसत होते. "गळ्यात हार पडलो म्हणान हातात कसब येणा नाय. आधी हार काढ. पट्ट्यात गावलो तर मानेसकट जाशील."

गल्लीतले हसले. नवऱ्यानं हार काढला आणि माझ्या हातात दिला. त्याच्या मानेवरच्या शिरा मला दिसत होत्या.

तीन दिवसांनी जेवताना त्यानं मला विचारलं. सासरे नळावर हात धुवायला गेले होते. "बाबांना दिसत नाही ना?"

मी त्याच्या ताटात भात वाढला.

"मी नसताना तू गाळ्यात काय करायचीस ते मला चाळीतल्या पोराटोरांनीही सांगितलंय. बाबा चारचौघांत कबूल करणार नाहीत. चारचौघांत एकदा काम बिघडलं पाहिजे."

"मग?"

"खंडेनवमीला जबडे तूच मांडतेस ना?"

मला कळलं. मी विचारलं, "मला काय मिळेल?"

बायको असं विचारेल हे त्याला वाटलं नव्हतं. मग म्हणाला, "शनिवारी चक उचलायला नको."

आमच्या घरची खंडेनवमीची पूजा अशी: चकाचे जबडे काढून धुवायचे, पाटावर मांडायचे, कुंकू तेलात कालवून अंगठ्यानं प्रत्येक जबड्यावर दाबून लावायचं. मग जबडे परत बसवायचे. ते कुंकू पुसायचं नाही. काम करता करता आपोआप जाईल तेव्हा जाईल. सासरे देवाला मानत नव्हते, पण हे एक मानत. कुंकवाला नख लावायचं नाही.

मी कुंकू जरा घट्ट कालवलं आणि बरोबर आकड्यांवर दाबलं.

दुपारी ते खाली आले. स्टुलावर बसून त्यांनी हात पुढे केला. "पयलो खंयचो?"

मी तिसरा उचलून दिला. "हा."

त्यांनी अंगठा फिरवला, आकड्याच्या जागी थांबले, कुंकू लागलं तसा अंगठा मागे घेतला. जबडा पहिल्या खाचेत घातला. थोडा अडखळला. म्हणाले, "नीट धुवलंस नाय." पुढचा दोन नंबर बरोबर दिला. मग तिसऱ्याच्या जागी पहिला. तो सैलसर गेला. चौथा बरोबर. चक बसला. मी आरती केली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गिरणीचा मिस्त्री आला. बरोबर दोन माणसं आणि बेअरिंगचं बिडाचं घर, चौकोनी, पाटीएवढं. आधीचं फुटलं होतं. हे नवं ओतून आणायला गिरणीला बरेच दिवस लागले होते आणि दुसरं नव्हतं. मध्ये गोल भोक हवं होतं, अगदी मापात. मिस्त्री म्हणाला, "मी इथंच थांबतो. तयार झालं की घेऊनच जातो." नवऱ्यानं गल्लीतल्या तिघाचौघांना उगाच चहाला बोलावलं होतं. गाळ्याच्या दारात गर्दी झाली.

सासऱ्यांनी काम चकात धरलं. माणसं होती म्हणून मी झाडू घेऊन जवळच रेंगाळले. खडू त्यांनी स्वतःच्या हातात धरला आणि पुटपुटत विचारलं, "खंय?" मी झाडता झाडता सांगत गेले. आता मी खरंच सांगत होते. काम मधोमध आलं. पट्टा टाकला. हत्यार लागलं तशी थरथर सुरू झाली. ढिला जबडा दाब आला की कलत होता आणि काम एका अंगाला सरकत होतं. त्यांनी पट्टा थांबवला, जबडे आवळले, काम पुन्हा मधोमध आणलं. पुन्हा तेच. कपाळावर घाम आला. तिसऱ्या खेपेला त्यांनी दात खाऊन चावी आवळली आणि हत्यार जरा जास्तच आत घातलं. काम किंचाळलं. पट्टा थांबवेपर्यंत भोक अंड्यासारखं झालं होतं.

मिस्त्रीनं आत बोट घातलं, फिरवलं, बाहेर काढलं. "गेलं. कामातून गेलं हे." मग तो सासऱ्यांच्या तोंडाजवळ गेला. "आजोबा, दिसतंय का तुम्हाला?"

"चाळीस वर्सां काम करतंय मी."

"ते असू दे. ही किती बोटं?" त्यानं हात वर केला.

सासऱ्यांनी मान जराशी माझ्याकडे वळवली. मी सांगेन म्हणून ते थांबले. मी झाडत राहिले.

"तीन," ते म्हणाले.

मिस्त्रीनं मूठ वळलेली होती.

दारातला एक जण म्हणाला, "अहो मूठ आहे ती, मूठ! आजोबांना मुंबई तरी दिसते का विचारा, महाराष्ट्रात आहे की गुजरातेत!" सगळे हसले. नवरा हसला. मीही हसले. हसू आलं म्हणून हसले, कुणाला दाखवायला नाही.

नवऱ्यानं सगळ्यांदेखत चक उतरवला, रॉकेल घेतलं आणि जबड्यांवरचं कुंकू ब्रशनं खरवडून काढलं. सासऱ्यांनी तो आवाज ऐकला. "कुकू काढलंस?" एवढंच विचारलं. नवऱ्यानं उत्तर दिलं नाही. बेअरिंगच्या त्या घराला पुढे कसंबसं आतून कडं बसवून नवऱ्यानं ते चालतं केलं. सासऱ्यांच्या तिप्पट वेळ लागला, पण झालं. मिस्त्री पुढचं काम त्याच्याच हातात देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळ्यात उतरले तर नवरा म्हणाला, "आता तुझं इथं काय आहे? वर जा." ते मी कबूल करूनच बसले होते. पण खडू कुठे लागतो ते माझ्याइतकं त्याला कधीच दिसलं नाही. पायरीवरून बघताना मला त्याच्या चुका कळायच्या. मी सांगितल्या नाहीत.

सासऱ्यांना त्यानं गाळ्याबाहेर गोणपाटावर बसवलं आणि पितळेचा कीस बिडाच्या चुऱ्यातून वेगळा करायला दिला. हातानं कळतो तो, एक कुरकुरीत आणि एक भुगा. येणारेजाणारे विचारायचे, "काय आजोबा, आज किती बोटं?" ते मान वर करत नसत.

आठवड्यानं मी त्यांना तिथेच चहा द्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, "येक आनी तीन."

मी उभी राहिले.

"काम येका रेषेत हालत होता. समोरासमोरचेच बदलले तरच तसा हालता." त्यांनी कप हातात घेतला. "घोवान सांगितल्यान, काय तुझा तूच?"

"माझं मीच," मी म्हटलं. अर्धं खोटं होतं. पण नवऱ्यावर ढकललं असतं तर ते पूर्ण खोटं झालं असतं.

त्यांनी मला शिवी दिली नाही, चाळीत कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या तोंडचा एक शब्द खरा धरला नाही. मी म्हटलं आमटी गरम आहे, की ते बोट घालून बघायचे आणि भाजून घ्यायचे. मी म्हटलं पाणी डाव्या हाताला ठेवलंय, की उजवीकडे चाचपायचे. मी म्हटलं आज सोमवार, की शेजारणीला हाक मारून वार विचारायचे. पुढे दोन्ही डोळे पार गेले. इस्पितळात जा म्हटलं तर म्हणाले, तू सांगतंस तर नकोच.

असं दीड वर्ष गेलं. मग महाराष्ट्र झाला.

त्या सकाळी लालबागमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल, लेझीम, गुलाल, चाळीचाळीतून तोरणं. नवरा एका ट्रकवर चढून गेला होता. सासरे म्हणाले, "माका खाली व्हर." त्यांना ऐकायचं होतं. वर दुसरं कुणी नव्हतं, म्हणून माझ्याबरोबर यावं लागलं. जिन्याच्या पायऱ्या ते कठड्याला धरून स्वतः मोजत उतरत. मी कोपर धरलं तर झटकलं. "हात सोड."

अर्ध्या जिन्यात पोरांचा एक घोळका गुलाल उधळत वर धावला. सासऱ्यांच्या तोंडावर, डोळ्यांत गुलाल गेला. ते कठड्याला चिकटून थांबले. मोजणी चुकली असणार. पुन्हा उतरू लागले. तळाशी आलो तेव्हा मी म्हटलं, "मामंजी, अजून एक पायरी आहे."

ते थांबले. गुलालानं माखलेलं तोंड माझ्याकडे वळवलं. "तू सांगतंस म्हणजे नसतली."

आणि सपाट जमिनीवर टाकावं तसं पाऊल टाकलं.

खुबा मोडला. पडले तेव्हा बाहेर इतका आरडाओरडा होता की त्यांचं ओरडणं मी सोडून कुणी ऐकलं नाही. दोन माणसांनी उचलून वर आणलं. दुपारी नवरा आला, पेढ्याचा पुडा घेऊन. "तुला सांगता येत नव्हतं?" म्हणाला. मी म्हटलं, "सांगितलं होतं." तो म्हणाला, "तुझं ऐकतंय कोण!" आणि पुडा फडताळावर ठेवला.

ते श्रावणापर्यंत अंथरुणावर होते. शेजारीण भेटायला आली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "तळाक आणखी येक पायरी आसा काय गो?" ती म्हणाली, आहे ना, आजोबा, पहिल्यापासून आहे. दुसऱ्या दिवशी वैद्याला विचारलं. तोही म्हणाला, आहे. मग एका संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. तो वैतागून म्हणाला, "हो बाबा, आहे, आहे, किती वेळा विचाराल?"

मी तिथेच बसून तांदूळ निवडत होते. मला त्यांनी विचारलं नाही.